उन्हातल्या लांब सफरीत सायकलचं चाक परत परत बसत असेल तर

एकाच चाकाची हवा दोन दिवसांत तिसऱ्यांदा गेली, की मी नवा काटा शोधत बसत नाही. पहिल्या वेळी काय राहून गेलं ते शोधते.

इंदूरहून सिमरोल, भेरूघाट करत बडवाहला, नाहीतर महूवरून जाम गेट उतरून मंडलेश्वर-महेश्वरला, अशा निमाडच्या उन्हातल्या सायकल सफरी आमच्या घरच्या चार-पाच जणांच्या गेली बारा वर्षं चालू आहेत. मागच्या सप्टेंबरात दादा, वहिनी, भाचा आणि मी असे चौघे स्पेनमध्ये सेव्हिल ते कासेरेस गेलो. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट, तंबू आणि भांडीकुंडी सायकलवर. पंक्चर काढण्याचं काम घरात आपसूक माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. इतकी वर्षं एकच बिघाड हाताखालून गेल्यावर जे कळलं ते इथे लिहिते. फुकटात होणारी तपासणी आधी, खर्चाची आणि कष्टाची नंतर.

लक्षणं

टायर उतरवायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि हवा कशी गेली ते आठवा. अर्धं उत्तर तिथेच असतं.

रात्री तंबूपाशी चाक कडक होतं आणि सकाळी मऊ झालं: वॉल्व्ह ढिला आहे, काटा फार बारीक आहे किंवा जुना पॅच कडेने सुटतोय.

नवी ट्यूब टाकली आणि पाच मिनिटांत बसली: बसवताना ट्यूब चिमटली, टायरमध्ये काटा तसाच राहिला, किंवा नवी म्हणून काढलेली ट्यूब पिशवीतच भोक पडलेली होती. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा निघतं.

सकाळभर ठीक चालतं, ऊन चढलं की हवा जाते: पॅच किंवा रिमची पट्टी उन्हाने जागा सोडतेय.

खड्ड्यात आदळल्यावर लगेच बसली आणि ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोकं दिसली: हवा कमी होती, ट्यूब रिमच्या दोन कडांवर दाबली गेली. हा साप चावल्याचा जोड-डाग एकदा पाहिला की विसरत नाही.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला: रस्त्यावरच्या काट्याचा इथे संबंध नाही. आरे, रिमची पट्टी (आऱ्यांची भोकं झाकणारी) किंवा टायर लीवर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, बघा.

भोक वॉल्व्हच्या बुडाशी: वॉल्व्ह तिरका झालाय किंवा रिमच्या भोकात घासतोय.

आणि कितीही शोधलं तरी भोकच सापडत नाही. मग पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा.

वॉल्व्ह: एक थेंब थुंकी

टोपी काढा, बोटावर थुंकी घेऊन वॉल्व्हच्या तोंडावर लावा आणि अर्धा मिनिट बघत राहा. बुडबुडा फुगला तर टायर उतरवायची गरजच नाही. बारीक फ्रेंच वॉल्व्ह, ज्याला प्रेस्टा म्हणतात, त्यात बऱ्याचदा आतला गाभा फिरवून काढता येतो. पंपाची नळी वॉल्व्हवरून फिरवून काढताना तोच गाभा ढिला होतो. पकडीने हलकेच आवळला की काम झालं. आपल्याकडच्या साध्या सायकलच्या वॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते. ती उन्हाने चिरते आणि हवा थोडी थोडी जात राहते. ती बदलायला दोन-चार रुपयांच्या वर खर्च नाही.

दुसरी गोष्ट, वॉल्व्ह सरळ उभा आहे का? हवा कमी असताना घाट चढला किंवा जोरात ब्रेक लावला, की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. वॉल्व्ह कलला की बुडाशी रबर ताणलं जाऊन फाटतं. कललेला दिसला तर हवा सोडा, टायर हाताने मागे ओढून वॉल्व्ह सरळ करा, मग हवा भरा. वॉल्व्हवरची बारीक चकती पान्याने आवळू नका, बोटाने टेकवली तरी पुरे.

तिसरं कारण आमच्या वहिनीच्या सायकलमध्ये निघालं. रिमचं भोक जाड, मोटारसायकलसारख्या वॉल्व्हसाठी पाडलेलं, सुमारे ८.५ मिलिमीटरचं. त्यात बसवलेली ट्यूब बारीक वॉल्व्हची, तिला ६.५ पुरतं. उरलेल्या फटीत वॉल्व्ह हलायचा आणि बुडाशी ट्यूब कापली जायची. तीन ट्यूबा गेल्या तेव्हा लक्षात आलं. छोटी रबरी चकती टाकली आणि प्रकार थांबला. वॉल्व्हच्या बुडाशी पडलेलं भोक पॅचने बुजत नाही, तिथे वेळ घालवू नका. ती ट्यूब पॅचचे तुकडे कापायला ठेवा.

आणि एक भास. घाईत कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीने चाक भरलं असेल, तर तो वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा फार लवकर झिरपतो. सकाळी चाक मऊ मिळालं म्हणजे पंक्चर झालंच असं नाही. पंपाने भरा आणि एक रात्र बघा.

हवा किती आहे

अंगठ्याने दाबून सांगू नका. सामान लादलेल्या सायकलचं मागचं चाक अंगठ्याला कडक लागलं तरी हवा कमी असू शकते. छोटा गेज असलेला पंप घ्या, त्या पैशात दोन-तीन ट्यूबा वाचतात. माझे टायर ३८ मिलिमीटर रुंद आहेत आणि मागच्या पिशव्यांत साधारण १८ किलो असतात. मी मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) ठेवते. तुमचा आकडा टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेत आणि तुमच्या वजनाप्रमाणे ठरवा.

इथे एका समजुतीशी मला भांडायचंच आहे. उन्हात टायर फुटेल म्हणून दुपारी हवा सोडणारे खूप जण भेटतात. हिशेब करून बघा. सकाळी २० अंशांना ६० पीएसआय भरली आणि तापलेल्या रस्त्यावर आतली हवा ५५ अंशांवर गेली, तर दाब ६९ च्या आसपास जातो. धड टायरला याने काही होत नाही. उलट दुपारी सोडलेली हवा संध्याकाळी थंड झाल्यावर आणखी कमी होते, आणि मुक्कामाच्या गावात शिरताना पहिल्याच गतिरोधकावर साप चावतो. मंडलेश्वरच्या रस्त्यावर हे मी तीन वेगवेगळ्या जणांच्या चाकात पाहिलंय. हवा सकाळी, सावलीत, नीट मोजून भरा आणि दिवसभर तिला हात लावू नका.

उष्णतेची खरी भीती एकाच ठिकाणी, लांब उतारावर. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल आणि जाम गेटच्या घाटासारख्या उतारावर सामानासकट सतत ब्रेक दाबून उतरलात, तर रिम हात लावू न देण्याइतकं तापतं. तिथे हवा सोडून उपयोग नाही, थांबायला हवं. मी तिथे दोनदा थांबते आणि पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून लावते.

ट्यूबला विचारा, कुठे ते

आता टायर उतरवावा लागणार. पण ट्यूब ओढून बाहेर काढण्याआधी एक काम करा: ट्यूबची कुठली बाजू गिअरकडे होती, ती पेनाने बाण काढून ठेवा. मी टायर बसवतानाच त्यावरचं नाव वॉल्व्हच्या समोर येईल असा बसवते. मग ट्यूबवर भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं, की टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधायचा. बाण काढायला विसरलात तर दोन्ही दिशांना तेवढ्या अंतरावर बघा. इतक्या साध्या गोष्टीने अख्खा टायर चाचपडण्याचं काम चार बोटांच्या जागेवर येतं.

भोक शोधायला घमेलं आणि पाणी हे घरचं सुख झालं. उन्हाळी मुलुखात पिण्याचं पाणी ट्यूबवर ओतायचं नाही. ट्यूब जरा जास्त, दुप्पट जाड होईल इतकी फुगवा आणि ओठांसमोरून हळूहळू फिरवा. ओठांना कळत नसेल तर डोळ्यांसमोरून न्या, बुबुळाला बारीकशीही झुळूक लगेच लागते. वारा असेल तर तंबूत शिरून करा. सापडल्यासारखं वाटलं की तिथे ओलं बोट. मुक्कामी नळ असेल तर मग खुशाल बादलीत बुडवा. भोक सापडलं तरी शोधणं थांबवू नका, पूर्ण फेरी करा. काट्याने वरून शिरून आतल्या अंगालाही भोक पाडलेलं असतं आणि ते दुसरं भोक लोक हमखास विसरतात.

टायर: इथेच बहुतेक वेळा चूक होते

मला एक तपासणी निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. टायरच्या आतून पूर्ण फेरी, आणि तीही बोटाने करायची नाही. बोट वेगात फिरवलं तर एक तर कापतं, नाहीतर बारीक टोक बोटाला लागतच नाही. कापसाचा बोळा फिरवा. निमाडात दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या शेतात बोंडं फुटलेली असतात. विचारून एक बोंड घ्यावं, कच्च्या कापसाचे तंतू इतके लांब असतात की केसाएवढ्या टोकालाही अडकून राहतात. एरवी औषधाच्या डब्यातला कापूस चालतो.

हे मी कुठे नीट शिकले ते सांगते. साफ्रा सोडून मेरिदाकडे जाताना अल्मेन्द्रालेखोच्या आसपास लाल चिकणमातीचा सपाट मुलूख लागतो. त्याला तिथे तिएर्रा दे बार्रोस, म्हणजे चिखलमातीची भूमी म्हणतात. दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि जैतुनाची झाडं, सावली नाहीच. द्राक्षांची तोडणी चालू होती, भरलेल्या ट्रॉल्या जात होत्या आणि मागे गोड आंबूस वास राहायचा. भाचा माझ्या पुढे होता. सकाळपासून दोनदा ट्यूब बदलून झाली होती, तेवढ्यात परत हात वर केला.

"मावशी, परत बसली गं. मागचंच."

"टायर बघितला होतास ना आतून?"

"बोट फिरवलं होतं. काहीच लागलं नाही."

महामार्गाच्या एका पुलाखाली जाऊन बसलो. तिन्ही ट्यूबा पुढे ठेवून अंतरं मोजली. वॉल्व्हपासून वीत आणि तीन बोटं, तिन्हींवर तेच. म्हणजे चोर टायरमध्ये, आणि जागाही ठरलेली. तरी दिसेना. कापूस फिरवला, पहिल्या फेरीत काही नाही. मग टायर त्या जागी उलटा वाकवला, आतला भाग बाहेर, आणि परत कापूस फिरवला. एकच तंतू अडकला. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघतात तसली पोलादी तार होती, दाढीच्या केसाएवढी जाड, तिरकी रुतलेली. टायर मोकळा असताना ती रबरात मागे जायची, भाच्याचं वजन पडलं की बाहेर यायची. चिमट्याने धरता येईना, नेलकटरने पकडून ओढली तेव्हा निघाली. जेमतेम ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी लांबी. पुढे कासेरेसपर्यंत त्या चाकाला काही झालं नाही.

ट्रक चालणाऱ्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला या तारा पडलेल्या असतात, आपल्या खंडवा रोडवर काय आणि तिथे काय. म्हणून कडेच्या धुळीत, जिथे फुटलेल्या टायरचे काळे तुकडे दिसतात, तिथून सायकल घालू नका.

दुसरा शत्रू सराटा, म्हणजेच गोखरू. आपल्या माळावर असतो तोच, तीच वनस्पती स्पेनच्या रुक्ष भागातही उगवते. जमिनीसरसा पसरलेला वेल, पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, आणि फळ वाळलं की त्याचे काटेरी तुकडे सुटे होतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. रस्त्याच्या कडेला, बसथांब्यामागे, तंबूच्या मोकळ्या जागेत तो असतोच. सराटा सहज दिसतो आणि उपटूनही येतो, पण काट्याचं टोक मोडून रबरात राहतं आणि तेच पुढच्या ट्यूबला भोक पाडतं. म्हणून मुक्कामाच्या जागी मी सायकल ढकलत नेत नाही, उचलून नेते. सामान आधी उतरवायचं, दोन फेऱ्या पडल्या तरी चालतील. बाभूळ-बोरीच्या सावलीचा मोह सगळ्यांना होतो, पण चाकं सावलीबाहेरच ठेवायची. हवा भरून झोपायच्या गादीलाही हाच नियम: आधी जमीन हाताने झाडा, मग अंथरा. गादीचं पंक्चर रात्री दोनला कळतं.

रिमची बाजू

भोक आतल्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी बघा. आऱ्यांच्या भोकांवर ती नीट बसलेली हवी. पातळ प्लास्टिकची पट्टी उन्हाने आणि ब्रेकच्या उष्णतेने नरम पडते, हवेच्या दाबाने भोकांत खचते किंवा एका बाजूला सरकते, आणि ट्यूब भोकाच्या धारदार काठावर टेकते. खूण अशी की ट्यूबवर आऱ्यांइतक्याच अंतराने गोल फुगवटे उमटलेले दिसतात. कापडी पट्टी टाका, ती शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. वाटेत मिळाली नाही तर औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी दोन फेरे मारून लावा. विजेच्या कामाची काळी पट्टी लावू नका, तिचा गोंद उन्हात पातळ होऊन ती घसरते आणि ट्यूबला चिकटते. एखाद्या आऱ्याचं टोक वर आलेलं असेल तर कानशीने सपाट करा.

आतल्या अंगाला लांबट चीर असेल तर ती टायर लीवरची. घामाने हात निसटतात, मग शेवटचा वीतभर टायर लीवरने आत ढकलला जातो आणि ट्यूब चिमटते. टायर अंगठ्यांनीच चढवा, वॉल्व्हकडची बाजू सगळ्यात शेवटी, आणि हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी डोकावून बघा, ट्यूब कुठे डोकावतेय का.

पॅच का सुटतो

उन्हाळी मुलुखात पॅच सुटणं हे फार मोठं कारण आहे, आणि दोष पॅचचा क्वचित असतो. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की आतला द्रव उडून जायला लागतो, उन्हात आणखी लवकर. पिशवीत तीन महिने पडलेली ट्यूब दाबली तर बऱ्याचदा नुसती हवा येते. प्रत्येक लांब सफरीला नवी, न फोडलेली घ्या. सोल्युशन ज्वलनशील असतं, ते विमानाच्या सामानात टाकू नका, पोहोचल्यावर तिथेच विकत घ्या.

कृती सगळ्यांना माहीत आहे: काचपेपरने घासा, सोल्युशन लावा, वाळू द्या, पॅच दाबा. चुकतं ते तपशिलात. घासताना ट्यूबच्या साच्याची उभी रेघ मध्ये येत असेल तर ती पूर्ण सपाट करा, नाहीतर तिच्या बाजूने हवा निघते. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर, पातळ लावा. चमक जाऊन मंद दिसेपर्यंत थांबा, सावलीत पाच मिनिटं. ट्यूब उन्हात ठेवू नका, वरून साय धरते आणि खाली ओलंच राहतं. आणि बोटं. तोंडाला लावलेलं सनस्क्रीन बोटांवर असतं, त्याच बोटांनी घासलेल्या जागेला हात लागला की पॅच दुपारपर्यंत उलटतो. दादाचे दोन पॅच यानेच सुटले. आता मी पंक्चर काढायच्या आधी मातीने हात चोळते आणि कोरड्या फडक्याने पुसते.

पॅच लावल्यावर ट्यूब बाहेरच फुगवून बघायचा मोह आवरा. मोकळी ट्यूब ताणली गेली की ताजा पॅच कडेने उचलला जातो. टायरच्या आत तो चारी बाजूंनी दाबलेला असतो, तिथेच त्याची परीक्षा होऊ द्या. बसवण्याआधी ट्यूबला टाल्कम पावडर चोळा, तापलेल्या टायरला ट्यूब चिकटत नाही. गोंद लावलेले तयार पॅच मुक्कामापर्यंत पोहोचायला ठीक आहेत, पण ४० अंशांत त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी भरवसा ठेवू नका.

जादा ट्यूब मोज्यात गुंडाळून ठेवा. पाने आणि लीवर यांच्यासोबत सुटी पडलेली ट्यूब खडखडाटाने पिशवीतच झिजते, आणि ऐन रस्त्यात नव्या ट्यूबला भोक निघतं.

ट्यूबलेस टायर असतील तर थोडक्यात: आतलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, उन्हात लवकर आटतं. निघण्याआधी नवं भरा आणि तरीही एक ट्यूब सोबत ठेवा.

टायरच संपला असेल तर

पाठ सपाट झाली, चिरांमधून धागे दिसायला लागले, की मग काटे काढत बसण्यात अर्थ नाही. नवा टायर महाग, म्हणून ही तपासणी इतकी खाली ठेवली आहे. पण निघण्याआधीच मागचा टायर पुढे आणि पुढचा मागे असं करायच्या विचारात असाल तर करू नका. सामानाच्या सायकलला मागचं चाक सगळ्यात जास्त खातं, तिथे नवाच घाला. वाटेत छोटी चीर पडली तर आतून दुधाच्या कागदी खोक्याचा जाड तुकडा दुहेरी घडी करून ठेवा, त्यावर ट्यूब. स्पेनमध्ये असं खोकं प्रत्येक किराणा दुकानात मिळतं. हा उपाय फक्त पुढच्या मोठ्या गावापर्यंतचा.

कुठे थांबायचं

टायरच्या बाजूला फुगवटा आला, एक सेंटिमीटरहून मोठी चीर पडली किंवा काठाची तार उघडी पडली, तर सायकलवर बसू नका. रिमला आऱ्यांच्या भोकांपाशी तडा दिसला, चाक फिरवल्यावर ब्रेकला किंवा फ्रेमला घासायला लागलं, आरे तुटायला लागले, तर हे पंक्चरचं काम राहिलं नाही, चाक कारागिराकडे द्या. वरचं सगळं करूनही एका दिवसात चौथ्यांदा हवा गेली, तरीही. अशा वेळी थकलेले डोळे तीच चूक परत करतात.

आणि टायरच्या आधी माणूस. ऊन डोक्यावर, सावली नाही आणि प्रत्येकी लिटरभरसुद्धा पाणी उरलं नाही, तर दुरुस्ती सोडा, सायकल ढकलत सावली किंवा वस्ती गाठा. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलं, तर त्याला सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारा आणि ११२ लावा. हा क्रमांक स्पेनमध्ये चालतो आणि आपल्याकडेही.

स्पेनमधलं ऊन आपल्या घड्याळाने मोजू नका. तिथे सप्टेंबरात या भागात उजाडायलाच आठ वाजतात आणि ऊन संध्याकाळी पाच-सहापर्यंत चढत राहतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबाजवळच्या ला रांब्ला इथे ४७.६ अंश नोंदले गेले होते. सायकलची दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, बहुतेक पाचला उघडतात, रविवारी बंदच. म्हणजे नेमकं जेव्हा चाक बसतं तेव्हा कारागीर नसतो. मोठ्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप मात्र चालू असतात आणि तिथे हवा मिळते. बारीक वॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा, त्याशिवाय त्या नळीचा उपयोग नाही. रानात कुठेही तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, त्यामुळे बिघाड झाला म्हणून तिथेच राहू असं धरून चालू नका. रीतसर कॅम्पिंगची जागा किंवा गाव गाठण्याइतका वेळ हाताशी ठेवा.

दुकानात शिरल्यावर तीन शब्द पुरतात. पंक्चरला पिंचासो, ट्यूबला कामारा, पॅचला पार्चे. इकडे बडवाह-मंडलेश्वरला शब्दांची अडचण नाही, पण बारीक वॉल्व्हची ट्यूब मला तिथे कधी मिळाली नाही, ती इंदूरहूनच दोन घेऊन निघते.

कारागिराकडे चाक देताना फाटलेल्या ट्यूबा फेकून देऊ नका, सोबत द्या. मी प्रत्येक ट्यूबवर पेनाने पहिली, दुसरी, तिसरी लिहिते, भोकाभोवती गोल काढते आणि गिअरकडच्या बाजूचा बाण तसाच ठेवते. मेरिदातल्या कारागिराला माझं बोलणं कळत नव्हतं. त्याने वहिनीच्या ट्यूबा ओळीने मांडल्या, बाण बघितले, आणि टायरला हात न लावता सरळ रिमच्या पट्टीवर बोट ठेवलं.